शिट्टीची भूक

मी मत्स्यगरुडाची मादी बोलतेय. नैवाशाच्या तळ्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीवर माझं घरटं आहे. पांढरी मान, तांबूस पोट. गावातल्या दुकानांच्या पाट्यांवर माझं चित्र आहे. त्या पाट्यांकडे मी हल्ली बघत नाही.

आईने मला जिवंत मासा धरायला शिकवलं होतं. पाण्याखालची सावली कशी ओळखायची, पाणघोडा उठला की मासे कुठे पळतात, सगळं. मग नावाडी ओडुओर आला. तो मेलेल्या माशाच्या तोंडात लव्हाळ्याची काडी खुपसतो, म्हणजे मासा बुडत नाही. शिट्टी घालतो, मासा फेकतो. मी झेपावते, पाहुणे फोटो काढतात. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली होती. पुढे शिकार सुटलीच.

यंदा एकच पिल्लू जगलं. त्याला पंख फुटले आणि नेमकी जलपर्णी पसरली. नावांचा धक्का बुजला, फेऱ्या थांबल्या. पाच दिवस शिट्टी नाही. पिल्लू भुकेने ओरडू लागलं, तेव्हा मी पाण्यावर गेले. चारदा गेले. चारही वेळा नखांत नुसतं पाणी.

काठावर मासे तळणाऱ्या वांगुईमावशी खदखदून हसल्या. "ओडुओर, अरे तुझी महाराणी बघ! आंघोळ करतेय की काय?"

"हसू नका मावशी. मीच बिघडवलंय तिला."

"मग वाढ की! पान मांडल्याशिवाय जेवायची नाही ती."

पिल्लू फांदीवरून सगळं बघत होतं. मी ओल्या पंखांनी त्याच्याकडे पाठ करून बसले.

सहाव्या दिवशी वाट मोकळी झाली. ओडुओरने शिट्टी घातली आणि माझ्याआधी पिल्लूच उडालं. त्याची पहिली झेप! सरळ त्या तरंगत्या माशावर. नावेत टाळ्या पडल्या.

"पोर आईवर गेलंय!" ओडुओर आनंदाने ओरडला.

मी चोच पंखात खुपसली.

आता ते सकाळपासून धक्क्याकडे तोंड करून बसतं. खाली मासे उसळतात, ते मान वळवत नाही. मी पहाटे लव्हाळ्यात एकटीच सराव करते. काल एक लहानसा मासा लागला. पिल्लापुढे ठेवला. तो फडफडला, तसं ते घाबरून मागे सरकलं. मासा फांदीवरून घसरला आणि पोहत निघून गेला.

ओडुओर, तू वाईट नाहीस. पण काही दिवस आमच्या झाडाखालून शिट्टी न घालता जा. पिल्लाला भूक लागू दे. मला ते बघवणार नाही. तरीही जा.