विनतानं फोडलेलं कोहळं

शाळेच्या इन्चार्ज सलोनी मॅडमनी शिक्षिकांच्या ग्रुपवर हॅलोविनचा बेत टाकला तेव्हा दिवाळीची कागदी झुंबरंसुद्धा अजून वर्गातून उतरली नव्हती. विजय नगरमधली ती लहान मुलांची शाळा दोन मजल्यांच्या बंगल्यात भरायची, आणि समोरच्याच गल्लीत दुसरी एक शाळा नुकतीच उघडली होती. तिथे जे होईल ते इथे आधी व्हायला हवं, असा सलोनी मॅडमचा हट्ट. काळ्या कागदाचा कोळी करून त्याचे पाय मोजायचे, रुमालाची भुतं करून 'आत-बाहेर, वर-खाली' शिकवायचं, नारिंगी आणि काळी बटणं वेगळी करायची. शेवटच्या दिवशी खरं लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, कापून मुलांना आतल्या बिया काढायला द्यायच्या.

"और विनता जी, वीडियो अच्छा बनना चाहिए. चाकू चलते हुए दिखे," मॅडम म्हणाल्या.

विनता मोहरील नर्सरीचा वर्ग घ्यायची. तिला हा सगळा प्रकार मनापासून आवडला नव्हता, पण नावडत्या गोष्टीही नीट करायची तिला सवय होती. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून तिनं काळा कागद आणला, रुमाल आणले, आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून दोन्ही हातांनी कवेत घ्यावं लागेल एवढं कोहळं.

वर्गातल्या आया नर्मदाबाईंनी ते पाहिलं आणि सुरी टेबलावर ठेवून दिली.

"कुम्हड़ा हम नहीं काटेंगे, मैडम. साबुत कुम्हड़ा औरत नहीं काटती, बड़े लड़के के बराबर होता है. गार्ड भैया से एक चीरा लगवा लो, फिर हम सब कर देंगे."

विनताला हे नवीन नव्हतं. सासरीही तेच होतं. घरात कोहळ्याची भाजी व्हायची त्या दिवशी सासूबाई आधी गुणवंतला, म्हणजे विनताच्या नवऱ्याला, नाहीतर धाकट्या दिराला हाक मारायच्या. पुरुषानं पहिला वार करायचा, मग बायकांनी चिरायचं. पण गार्ड व्हॅनबरोबर गेला होता, सलोनी मॅडम फोन रोखून उभ्या होत्या आणि मुलं भुकेल्या पाखरांसारखी कलकलत होती. विनतानं सुरी उचलली आणि देठाजवळ खुपसली. साल चिवट होती. तिला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला.

मुलांची काय मजा झाली! कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तो चिकट गर उपसला. तिच्या दिराचा धाकटा मुलगा चिराग त्याच वर्गात होता. शाळेत 'मैम' म्हणायचं हे विसरून तो ओरडला, "मोठी मम्मी, इसके पेट में कितने बच्चे हैं!" सगळे हसले, विनताही हसली. ते हसणंही व्हिडिओत आलं.

संध्याकाळी राइट टाउनच्या घरी वैष्णवीनं, तिच्या धाकट्या जावेनं, तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. चिराग दिसतो म्हणून कौतुकानं दाखवला होता. सासूबाई भानुमतीबाईंनी चष्मा लावून पाहिला, पुन्हा एकदा लावायला सांगितला, आणि मग फोन पालथा ठेवला.

"काहून फोडलं वं तू?"

"शाळेचं काम होतं, आई."

"गडीमाणूस मेले होते का सगळे? थोरल्या लेकाच्या जागी असते ते. तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

विनता कणीक मळायला गेली. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. त्या घरात थोरला लेक हा शब्द निघाला की बोलणारा एकदा तिच्याकडे बघून घ्यायचा. आज सासूबाईंनी नुसतं बघितलं नाही, तर तिच्या पोटाकडे बोट केलं होतं. "ज्याचं जळत नाही त्याले काय," असं काहीसं पुटपुटणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. गुणवंत पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

दोन दिवसांनी वैष्णवीचा थोरला मुलगा अंबरीश शाळेतून आला तो तापानं फणफणलेला. सहावीतला दांडगा पोरगा, पण उभं राहवेना. डोळ्यांच्या खोबण्या दुखतात म्हणून रडायला लागला. वैष्णवी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिनं घरीच त्याचं रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. डेंग्यू. प्लेटलेट उतरत होत्या. त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. भानुमतीबाई देवापुढे बसून मोठ्यानं बोलायच्या, देवाला कमी आणि विनताला जास्त. "पाहून राह्यला ना रे बाप्पा, कोणी सुरी चालवली ते." शेजारच्या बायका विचारायला आल्या की त्यांना व्हिडिओ दाखवायच्या, तो त्यांनी आता आपल्याच फोनवर घेतला होता. "ही पहा. हसून कशी राहिली पहा." बायका पाहायच्या, जीभ चावायच्या, विनताकडे चोरून बघत चहा संपवायच्या. त्यातल्या एकीनं तर जाता जाता आपल्या नातवाला पदराआड घेतलं.

दीर अनुपम विनताशी बोलेनासा झाला. तिनं केलेली पोळी ताटात तशीच ठेवून उठायचा.

विनतानं गुणवंतला सांगून पाहिलं. "तुम्ही तरी आईंना सांगा. शहरात अर्ध्या घरी डेंग्यू आहे. मी काय सगळ्यांसाठी कोहळी फोडत बसले होते?"

"पोरगा दवाखान्यात आहे, विनता. चार दिवस ऐकून घे ना."

"तुम्हाला तरी पटतं का ते?"

"नाही पटत," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तू गार्डची वाट पाहू शकत होतीस."

त्या वाक्यानंतर विनतानं नवऱ्याला काही सांगायचं सोडलं.

तरी तिच्या मनात एक आशा होती, ती वैष्णवीची. दोघी जावांचं कधीच फार जमलं नव्हतं. वैष्णवी नोकरीवर जायची आणि आल्यावर थकले म्हणून पडायची, मुलांचं निम्मं विनताच करायची, याचा विनताला राग होताच. पण वैष्णवी शिकलेली होती. दिवसभर ती दुसऱ्यांचे डेंग्यूचे रिपोर्ट काढायची. ती सासूबाईंना एक वाक्य बोलली असती की डास चावल्यानं होतं हे, तर निदान घरातलं तोंड बंद झालं असतं. वैष्णवी ते वाक्य बोलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी विनता शाळेतून घरी गेली, मऊ खिचडी आणि नारळाचं पाणी घेऊन दवाखान्यात पोचली. मुलांच्या वॉर्डाबाहेर भानुमतीबाई बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत नको जाऊ."

"खिचडी आणली आहे."

"तुझ्या हातचं पाणीबी नको त्याले."

दार उघडंच होतं. आत वैष्णवी मुलाच्या पायाशी बसली होती. सलाईनची नळी, पोराचा सुकलेला चेहरा, आणि वैष्णवीची मान, सगळं विनताला दिसत होतं. "वैष्णवी," तिनं हाक मारली. "सांग ना आईंना." वैष्णवीनं वर पाहिलं. दोघींची नजरानजर झाली. मग वैष्णवीनं मुलाच्या पायावरची चादर सारखी केली आणि पुन्हा मान खाली घातली.

अनुपम औषधं घेऊन आला. "भाभी, आप जाओ ना यहाँ से," तो म्हणाला. त्याच्याशी ती नेहमी मराठीत बोलायची, तोही. त्या दिवशी तो हिंदीत बोलला, परक्या बाईशी बोलावं तसा.

"वांझोटीची नजर वाईट," भानुमतीबाई बाकावरच्या दुसऱ्या बाईला म्हणाल्या. हळू बोलल्या नाहीत.

विनतानं डबा बाकावर ठेवला.

"हो," ती म्हणाली. "मुद्दामच फोडलं मी. तुमच्या अंबरीशचं नाव घेऊन फोडलं. झालं समाधान?"

बाकावरची बाई उठून लांब गेली. अनुपमचा हात वर झाला आणि वरच राहिला. आतून वैष्णवीचा हुंदका आला. विनताला आपलाच आवाज कानात घुमत असल्यासारखं वाटलं, आणि वाईट असं की त्या क्षणी तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. मग ती जिना उतरून रस्त्यावर आली. ऑटोवाल्यानं कुठे जायचं विचारलं तर तिला पत्ता आठवेना.

त्या रात्री अंबरीशच्या प्लेटलेट वाढायला लागल्या आणि आठवड्याभरात तो घरी आला. पण ते वाक्य त्याच्याआधीच घरी पोचलं होतं. विनताची चूल वेगळी झाली, म्हणजे तिनंच माडीवरच्या खोलीत शेगडी नेली. चिरागला शाळेतून काढलं. भानुमतीबाई स्वतः शाळेच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या आणि आयांना, गार्डला, मुलं घ्यायला आलेल्या बायकांना सांगत सुटल्या. सलोनी मॅडमनी विनताला ऑफिसात बोलावलं.

"पैरेंट्स पूछ रहे हैं. आप बोल दीजिए ना कि आइडिया आपका था. थोड़े दिन छुट्टी ले लीजिए, मैं सँभाल लूँगी."

"वीडियो में आपकी आवाज़ है, मैडम," विनता म्हणाली. "'और ज़ोर से, विनता जी.' सबने सुनी है."

मॅडमचा चेहरा आक्रसला. पण वर्षाच्या मध्ये नर्सरीला दुसरी शिक्षिका मिळणार नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. विनता वर्गात परत गेली. त्यानंतर मॅडमनी तिच्याशी कामापुरतंसुद्धा धड बोलणं ठेवलं नाही.

एका रविवारी दुपारी घरातले सगळे झोपलेले असताना वैष्णवी माडीवर आली. दारातच उभी राहिली.

"ताई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डेंग्यू कशानं झाला ते. नगरपालिकेचा माणूस आला होता तपासायला, घरी मी एकटीच होते. आमच्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी होतं, उन्हाळ्यापासूनचं. अळ्या निघाल्या. आईंनी मला केव्हापासून सांगितलं होतं पाणी काढ म्हणून. मी काढलंच नाही." ती भिंतीला टेकली. "त्यांना कळलं असतं तर नोकरी सोडायला लावली असती मला. म्हणाल्या असत्या, पोराकडे लक्ष नाही."

"म्हणून माझ्यावर जाऊ दिलंस."

"तुमच्यावर आधीच चाललं होतं, ताई. मी फक्त बोलले नाही."

"मग आता बोल. चल, खाली जाऊ."

वैष्णवीनं मान हलवली. "नाही जमणार मला."

"मग इथे कशाला आलीस? तुझं मन हलकं करायला?"

वैष्णवी रडू लागली. विनतानं तिला पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही. ती रडून उतरून गेली.

चहाच्या वेळी विनता खाली स्वयंपाकघरात गेली आणि भानुमतीबाईंना सगळं सांगितलं. कूलर, अळ्या, नगरपालिकेचा माणूस. वैष्णवी ओट्याशी पांढरीफटक उभी होती. तिनं नाकारलं नाही.

भानुमतीबाईंनी गाळणीतला चहा निपटून घेतला. धाकट्या सुनेकडे एकदा पाहिलं. मग विनताला म्हणाल्या, "ते लेकराची माय आहे. चुकली असन. तिले मी का म्हणू?"

"आणि मला?"

"तू आपल्या तोंडानं बोलली. साऱ्या दवाखान्यानं ऐकलं."

विनताला वाटलं होतं की खरं बाहेर पडलं की काहीतरी मोडेल, निदान आवाज होईल. भानुमतीबाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. वैष्णवीनं त्यांच्यापुढे पोळ्यांचा डबा सरकवला.

त्याच आठवड्यात विनतानं शाळेजवळ विजय नगरमध्ये दोन खोल्या घेतल्या. गुणवंत म्हणाला, बरे दिवस येऊ देत, मग बघू. ती म्हणाली, तुम्ही बघा. शेगडी, दोन पातेली, आपले कपडे आणि पुस्तकं ऑटोत घालून ती गेली. निघताना अंबरीश पायऱ्यांवर आला, तोंड उघडलं, पण आतून आजीनं हाक मारली तसा वळला. विनतानं त्यालाही थांबवलं नाही.

गुणवंत आला तो पुढच्या महिन्यात. संध्याकाळची वेळ होती, हातात एक बॅग.

"आई बोलते मला," तो म्हणाला. "लोक बायकोमागे गेला म्हणतील म्हणून थांबलो होतो. आता तसंही म्हणतातच."

"मी गार्डची वाट पाहायला हवी होती का?" विनतानं दारातूनच विचारलं.

त्यानं बॅग खाली ठेवली. "नाही," तो म्हणाला. "मी ते बोलायला नको होतं."

ती बाजूला झाली नाही. "उशी एकच आहे इथे."

तो खाली गेला. त्याची स्कूटर सुरू झाली ते तिनं ऐकलं आणि भाताला पाणी किती घालावं याचा विचार करत ती ओट्याशी उभी राहिली. शेवटी एकटीपुरतंच घातलं. अर्ध्या तासानं तो उशी घेऊन वर आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. तिनं ती घेतली, त्याला आत येऊ दिलं, आणि ताटात होता तेवढा भात दोघांत वाटून वाढला. राइट टाउनच्या घरी ती त्यानंतर गेली नाही. तिकडूनही कोणी बोलावलं नाही.