माझ्यावर न लिहिलेली ओळ

मित्रांनो, मुदखेडच्या वाचनालयाबाहेर चाळीस वर्षे टांगलेला जुना फळा तो मीच. किनवटच्या सागवानातून मला गुंडप्पा सुताराने घडवले. १९८३ साली ग्रंथपाल शेषेराव रेडिओला कान लावून बसत आणि विश्वचषकाच्या धावा खडूने माझ्यावर लिहीत. भारत जिंकला त्या दिवशी लोकांनी मला हार घातला होता. पुढे दर विश्वचषकाला माझ्यापुढे गर्दी असे. २०११ला तर मी गुलालाने लाल झालो! मला वाटे, क्रिकेटचा सगळा इतिहास माझ्या अंगावरून गेला आहे.

जुलै २०१७ मध्ये कॉलेजात शिकणारी लुंबिनी खडू घेऊन आली. तिने लिहिले, 'महिला विश्वचषक. सुरुवात १९७३. पुरुषांच्या दोन वर्षे आधी.' मी चकित झालो. हे मला कुणीच सांगितले नव्हते! खाली तिने आदल्या दिवशीच्या अंतिम सामन्याचा निकाल लिहिला. भारत नऊ धावांनी हरला होता.

तेवढ्यात गावच्या संघाचा कप्तान बजरंग आला. त्याला आपल्या स्पर्धेची जाहिरात लिहायची होती. त्याने सरळ डस्टर उचलले.

"दादा, थांब की! आत्ताच लिहिलंय."

"बायांचं क्रिकेट कोण वाचून राहिलंय? सरक तिकडं."

"मी वाचून राहिले ना!"

त्याने ऐकले नाही. लुंबिनीच्या मुठीत खडू मोडला. मला ओरडावेसे वाटले, पण फळ्याला आवाज कुठे असतो? मी मुकाट पुसला गेलो. ती चीड अजून जात नाही.

पुढे माझ्या जागी फ्लेक्स लागले आणि मी अडगळीत पडलो. माझा रंग उडाला, एक कोपरा वाळवीने खाल्ला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लुंबिनी मला शोधत आली. आता ती भोकरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आदल्याच दिवशी भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला होता. तिने मला मागून घेतले, टेम्पोत घातले आणि शाळेत नेऊन काळा रंग दिला.

रंग वाळल्यावर तिने १९७३ पासूनचे सगळे विश्वचषक ओळीने लिहिले. मैदान मुलांच्या ताब्यात होते. मुलींना शनिवारी अर्धा तासच मिळतो. त्या कडेला उभ्या राहून मला वाचत होत्या. सातवीतल्या धम्मप्रियाने विचारले, "बाई, एवढं जुनं हाय हे? मग आमाला कुणीच कसं न्हाई सांगितलं?"

लुंबिनीने माझ्याकडे पाहिले. मी तर शरमून गेलो. चाळीस वर्षे लोक मलाच वाचत होते ना!

मित्रांनो, जुन्या फळ्याला रंग द्या, वाळवीपासून जपा. पण त्याच्यावर कुणाचे नाव लिहायचे राहून गेले, तेही एकदा पाहा. आणि त्या मुलींना मैदान द्या. शनिवारची वाट पाहून त्या कंटाळल्या आहेत.