मागच्या दाराचं शहर

कर्र. सकाळच्या शांततेत ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला आणि मी डोळे मिटूनच जागी झाले. सुट्टीच्या दिवशी हा एवढ्या पहाटे काय शोधतोय? पापण्यांच्या फटीतून पाहिलं, तर नवऱ्याने काहीतरी छोटंसं, चमकणारं उचललं, रुमालात गुंडाळलं आणि पँटच्या खिशात टाकलं. ड्रॉवर इतक्या हळू बंद केला, की मला हसूच आलं. मग हसू गेलं.

आठ दिवसांसाठी आलो होतो आम्ही, मी आणि आमची लेक भुंगी. नाव वेगळं आहे तिचं, पण दिवसभर प्रश्नांची भुणभुण चालते म्हणून भुंगी. तो दोन वर्षांपासून या शहरात. त्याचं म्हणणं, आता परत जाऊच नका, इथेच राहा. शाळेचा फॉर्मही आणून ठेवला होता. सोमवारी द्यायचा, आणि सोमवारचीच आमची परतीची तिकिटं. मी म्हटलं होतं, "आधी तुझं शहर दाखव. फोनवर रोज सांगतोस ते सगळं. मग सांगते."

म्हणून हा दिवस.

आधी संग्रहालय. बसमधून उतरलो आणि हा आम्हाला घेऊन एका बोळात शिरला. दोन्ही बाजूंना कचऱ्याचे डबे, लाकडी खोके, आणि शेवटी एक बंद पत्र्याचं दार. त्यावर लिहिलं होतं, 'फक्त मालासाठी'.

"इथूनच असतं," तो पुटपुटला.

"आपण माल आहोत?" भुंगीने विचारलं.

भिंतीला धरून अख्खी प्रदक्षिणा घातली तेव्हा कुठे पुढचा दरवाजा सापडला. पायऱ्या, खांब, फोटो काढणारी माणसं. हा तिथे असा उभा, कुणाच्या लग्नात चुकून आल्यासारखा.

"तू दर आठवड्याला येतोस ना इथे?"

"येतो की."

आत त्याला स्वच्छतागृह कुठे ते माहीत होतं, कुठला जिना कुठे उतरतो तेही माहीत. पण मधल्या दालनातल्या दोन माणसं उंच दगडी मूर्तीपुढे आल्यावर म्हणाला, "ही नवीन दिसतेय. आधी नव्हती." खाली पाटीवर लिहिलेलं, मूर्ती चाळीस वर्षांपासून तिथेच आहे. मी पाटी वाचली आणि त्याच्याकडे पाहिलं. याच मूर्तीच्या नाकाचं वर्णन त्याने मला फोनवर अर्धा तास ऐकवलं होतं.

डोक्यात नको नको ते यायला लागलं. हा जातो तरी कुठे दिवसभर? खिशात काय आहे? दोन वर्षं आपण फोनवर कुणाशी बोलत होतो?

दुपारी मनोऱ्याकडे गेलो. शहरातली सगळ्यात उंच इमारत. "माझं ऑफिस तिथेच, टेबल अगदी खिडकीजवळ," हे वाक्य तर माझ्या माहेरीही पाठ होतं. इथे तर तो थेट गाड्यांच्या तळघराच्या उतारावरून खाली निघाला. मीच दंडाला धरून मागे ओढला.

"अरे, माणसं वरून जातायत!"

"हो का?" असं म्हणाला तो. हो का!

पुढच्या दाराशी पहारेकरी होता. याला बघून त्याने सलाम ठोकला. "काय मिस्त्री, आज पुढून? साहेब झालात की! आणि या वहिनी वाटतं?"

नवऱ्याचे कान लाल झाले. मी 'नमस्कार' म्हटलं, पण डोक्यात एकच शब्द फिरत होता. मिस्त्री?

वरच्या मजल्यावर चहूबाजूंनी काच. खाली शहर पसरलेलं, काडेपेट्या उधळल्यासारखं. लोक काचेला नाकं लावून बघत होते. हा मागे, भिंतीला पाठ टेकून.

"बाबा, आपलं घर कुठंय?"

त्याने डावीकडे बोट दाखवलं. मग उजवीकडे. मग हात खिशात घातला. हळूहळू पुढे आला आणि बघतच राहिला. तोंड थोडं उघडं. भुंगी पहिल्यांदा समुद्र बघताना तिचं तोंड असंच झालं होतं. तेव्हा मला कळलं. हा हे आज पहिल्यांदाच बघतोय.

विचारणार तेवढ्यात मागे गलका झाला. लिफ्टचं दार बंद होत आणि पुन्हा उघडत होतं. आत कोंबलेली माणसं वैतागलेली. नवरा कधी तिथे पोचला कळलंच नाही. खिशातला रुमाल निघाला, रुमालातून एक लांबट, तीन कोनांच्या टोकाची किल्ली. दाराच्या वरच्या भोकात घालून फिरवली, दार हाताने सरकवलं, खाली गुडघ्यावर बसला.

"पिन दे गं तुझी. केसातली."

मी दिली. दाराच्या खाचेतून त्याने चपटी झालेली चॉकलेटची काडी उपसून काढली. दार गपकन लागलं. "सुट्टीच्या दिवशीही किल्ली लागते जवळ," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "नसली की उघडं उघडं वाटतं."

खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही तिघंच. त्याने सवयीने भिंतीला कान लावला, मग माझी नजर बघून काढला.

"खिडकीजवळचं टेबल?" मी विचारलं.

"टेबल आहे. वर, मशीनच्या खोलीत. खिडकी नाही."

"आणि मूर्तीचं नाक?"

"तिथला झाडूवाला सांगतो. आमचं काम मागच्या लिफ्टचं. पुढे जायला वेळ नसतो गं."

"मग थाप कशाला?"

"तुझ्या बाबांनी विचारलं होतं, ऑफिसला खिडकी आहे का. हो म्हणून गेलो. मग ती खिडकी बंदच करता येईना."

मला रागवायचं होतं. मनातल्या मनात पाच-सहा वाक्यं तयारही केली. पण त्याच्या हातात अजून माझी पिन होती, आणि ती तो रुमालाने पुसत होता.

आता दुसऱ्या दिवशीची दुपार आहे. तो सामान आणायला गेलाय. भुंगी झोपलीय असं समजून मी हे लिहितेय. फॉर्म समोरच आहे. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'लिफ्ट दुरुस्ती' लिहिलंय, नीट, ठळक. खाली सहीची जागा तेवढी राहिलीय. खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर राहायचं, की दोन वर्षं एकट्याने खिडकी सांभाळणाऱ्याबरोबर, हे काही केल्या उलगडत नाही.

भुंगी कधी उठली कोण जाणे. चादर ओढत आली, माझ्या मांडीत डोकं घातलं.

"आई," ती म्हणाली, "मग बाबा रोज फोनवर सांगायचे ते शहर कोणतं होतं?"