कुणासाठी केलंय?

वैशालीच्या उत्तर वेशीबाहेर आम्हा कुंभारांची आळी आहे. पावसाळ्याचे चार महिने मडकी वाळत नाहीत, त्यामुळे चाक बंद. मग कुंभाराला दोनच कामं उरतात: जेवणं आणि बायकोचं ऐकणं. त्या वर्षी मी पहिलं काम इतकं मन लावून केलं की कार्तिकात चाकापाशी बसलो तर पोट आधी पोचलं आणि हात मागाहून.

त्याचं कारण निर्ग्रंथ पंथाच्या दोन आर्या, म्हणजे साध्वी.

चातुर्मासासाठी त्या तेल्याच्या रिकाम्या पडवीत उतरल्या होत्या. धाकटी कधीच बोलत नसे. थोरली, आर्या भद्दिला, दीक्षा घेण्याआधी वीस वर्षं एका सावकाराच्या घरची मधली सून होती. म्हणजे स्वयंपाकघरातली कुठलीही लबाडी तिच्यासाठी नवी नव्हती. दर आठ-दहा दिवसांनी दोघी आमच्या आळीत भिक्षेला येत. त्यांचा नियम असा, की गृहस्थानं स्वतःसाठी शिजवलेल्यातलंच थोडं घ्यायचं. त्यांच्यासाठी म्हणून मूठभर जरी जास्त टाकलेलं दिसलं, तरी नुसतं मागं वळायचं. रागावणं नाही, शाप नाही. शाप दिला असता तर बरं, असं माझी बायको मित्ता म्हणे. निदान शेजारणींना सांगता आलं असतं.

पहिल्यांदा मित्तानं खीर केली.

"कुणासाठी केलंय, बाई?" भद्दिलेनं दारातून विचारलं.

"आमच्यासाठीच, आर्ये."

"घरात माणसं किती?"

"दोघं."

भद्दिलेनं पातेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बारीक होतो. ती वळली आणि शेजारच्या उप्पलेच्या घरून शिळी भाकरी घेऊन गेली.

खीर मी संपवली. अन्न टाकणं बरं नव्हे.

दुसऱ्या खेपेला मित्तानं आपल्या भावाला जेवायला बोलावलं, म्हणजे जास्तीचं अन्न पाहुण्याचं ठरेल.

"पाहुणे वरचेवर येतात का?" भद्दिलेनं विचारलं.

"लग्नानंतर आज पहिल्यांदाच बोलावलं हिनं," मेहुणा कौतुकानं म्हणाला.

त्या वळल्या. मेहुणा आणि मी जेवलो.

मग मित्ताच्या ध्यानात आलं की खोट पातेल्यात नाही, तिच्या मनात आहे. रांधताना आर्या मनात यायलाच नकोत. म्हणून ती गाणी म्हणत रांधू लागली, उखळाशी भांडत रांधू लागली. एकदा तर आर्या दाराशी पोचताच, त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आर्ये, आज मी तुमचा विचार अजिबात केला नाही. सकाळपासून एकदाही नाही."

भद्दिला हसली नाही. हसायचं नसावं. पण वळायला तिला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला.

त्या दिवशी तिळाच्या पोळ्या होत्या. तूप ताजं होतं.

आळीतल्या एकोणीस घरांतून काहीतरी त्या पात्रात गेलं होतं. आमचंच एक घर कोरडं. विहिरीवर उप्पला मित्ताला म्हणाली, "तुझं चुकतं काय, सांगू? तू फार चांगलं रांधतेस. आमच्यासारखं वाईट रांधत जा."

मित्तानं ते हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र चुलीपुढे बसून म्हणाली, "आपल्याला लेकरू नाही. ह्या घरातून कुणाला काही म्हणून जात नाही. जे येतं ते तुमच्यापाशी येऊन थांबतं."

माझ्या तोंडात लाडू होता.

कार्तिकी पौर्णिमा उजाडली. दुसऱ्या दिवशी आर्या विहाराला, म्हणजे पायी पुढच्या गावाला, निघणार होत्या. आज आळीत त्यांची शेवटची खेप. मित्ता पहाटेपासून तेच तांदूळ पुन्हापुन्हा निवडत होती, आणि तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "एवढं काय मनाला लावून घेतेस? नाही घेतलं तर नाही घेतलं. आणि खरं सांगू, चार महिने आपलं काही वाईट गेलं नाही."

"आपलं?" मित्ता म्हणाली.

तिथेच मी थांबायला हवं होतं.

"म्हणजे... त्या वळल्या की मला कधी फारसं वाईट वाटलं नाही."

मित्तानं खिरीसाठी काढलेले तांदूळ डब्यात परत ओतले. मागच्या कोपऱ्यातून जुनाट कोद्र्याचं, त्या जाड्याभरड्या धान्याचं, मडकं ओढलं. "बसा," म्हणाली. "तुमच्यासाठी करते. फक्त तुमच्यासाठी."

मग ती रांधत होती आणि बोलत होती. लग्नातल्या मानापानापासून सुरुवात झाली. माझ्या आईवरून माझ्या घोरण्यावर आली. पेज खाली लागली, तरी ती घोरण्यावरच होती. शेवटी काळपट पेजेचं वाडगं माझ्यापुढे आदळून म्हणाली, "गिळा."

मी वाडग्याला हात लावणार तोच दारात सावली पडली.

"कुणासाठी केलंय, बाई?"

"ह्यांच्यासाठी," मित्ता वळूनही न पाहता कडाडली. "सकाळपासून ह्या माणसाशिवाय दुसरं कुणी डोक्यात आलं असेल तर विचारा."

मग तिनं वळून पाहिलं, आणि तिचा चेहराच पडला. घरात खीर नव्हती, पोळी नव्हती. शेवटच्या दिवशी दाराशी आर्या, आणि घरात करपलेली पेज.

भद्दिलेनं वाडग्यात पाहिलं. चुलीकडे पाहिलं. दुसरं पातेलं नव्हतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे तुमचं आहे. ह्यातलं द्याल?"

आयुष्यात मी पुष्कळ दानं केली, पण इतक्या मोकळ्या मनानं कधीच नाही. "सगळं घ्या, आर्ये."

"नको म्हणून देताय?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "हो."

"चालेल," ती म्हणाली, आणि पात्र पुढे केलं.

मी वाडगं उचललं होतं. पण मित्ता तशीच चुलीपाशी उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. मी वाडगं तिच्या हातात दिलं. "तू वाढ. रांधलंस तू."

तिनं इतक्या घाईनं ओतलं की थोडी पेज माझ्या पायावर सांडली. भाजलं, पण ओरडलो नाही. अर्ध्यावर भद्दिलेनं हातानं थांबवलं. धाकटीनं वास घेतला आणि डोळे मिटले. ध्यान असावं.

त्या गेल्यावर मित्ता बराच वेळ उंबऱ्यात बसून होती. मग आत येऊन उरलेली अर्धी पेज माझ्यापुढे ठेवली. हळूच ठेवली. मी ती संपवली, कारण ती पाहत होती.

तेव्हापासून आमच्याकडे रोज कोद्र्याची पेज असते, जरा लागलेली. मी एकदा म्हणून पाहिलं, की पुन्हा कधी आर्या आल्या तर त्यांनी घ्यावी म्हणून करत असशील, तर तोही दोषच की.

"त्यांच्यासाठी कुठे?" मित्ता म्हणाली. "तुमच्यासाठीच करते."

पोट पूर्वीच्या जागी गेलं आहे, हात चाकापर्यंत पोचतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि बायको रोज फक्त माझाच विचार करून रांधते. आळीत असं दुसरं घर नाही.