पुस्तक पोचलं की माणूस पोचलं

पुएर्तो मोरेनाच्या धक्क्याला लाँच लागली की उतारू आधी केळी घेत, मग पिण्याचं पाणी भरत आणि मग ओतिलियाच्या वाचनालयाची पायरी चढत. वाचनालय म्हणजे लाकडी खांबांवर उभी केलेली एक खोली, वर ताडाच्या पानांचं छप्पर आणि नदीकडे तोंड केलेली एक खिडकी. उकायाली नदीनं खाली इकितोसला जायचं तर तीन-चार रात्री लाँचवर काढाव्या लागत. झोळी बांधून त्यात पडलेलं माणूस पाण्याकडे बघून बघून किती बघणार?

मागितलं म्हणून ओतिलिया पुस्तक देत नसे. आधी विचारायची. कुठं निघालास? काम काय? तिकडं वाट कोण बघतंय? उत्तर ऐकून ती फळीकडे वळे आणि एकच पुस्तक काढून हातात ठेवी. कोर्टाच्या तारखेला निघालेल्याला पक्ष्यांचं पुस्तक. बाळंतपणाला माहेरी चाललेल्या पोरीला हलक्याफुलक्या गोष्टी, पण फार हसवणाऱ्या नाहीत. लाकूडतोड्यांना पातळसं काहीतरी, कारण ती मंडळी दुसऱ्या पानावर घोरायला लागत. नवरा गेलेल्या बाईला ती स्वयंपाकाचं पुस्तक देई. एकदा एका बाईनं विचारलं, "माझ्यावर आभाळ कोसळलंय आणि तुम्ही मला मासा शिजवायला शिकवता?" ओतिलिया म्हणाली, "आभाळ कोसळलं तरी संध्याकाळी पोट मागतंच, बाई. तेवढ्यापुरतं वाच."

प्रवासालाच असं नाही, घरी बसलेल्यालाही तिचा सल्ला असे. सासूशी रोज कडाक्याचं भांडण करणाऱ्या एका सुनेला तिनं मधमाश्या पाळण्याचं पुस्तक दिलं. महिन्याभरानं सासूच येऊन विचारू लागली, "त्याचा दुसरा भाग आहे का?"

पुस्तक परत यायची रीतही गावानंच पाडलेली. इकितोसच्या धक्क्यावर एर्मेलिंदाचं दुकान होतं. उतरल्यावर माणसानं पुस्तक तिथं द्यायचं. वर येणाऱ्या लाँचच्या स्वयंपाक्याकडे एर्मेलिंदा ते सोपवी. पुस्तक आलं की ओतिलिया ते खिडकीत उभं करून ठेवी, रस्त्यावरून दिसेल असं. मग गेलेल्याची आई, बायको, जे कोणी असेल ते, खिडकीपाशी येऊन बघून जाई. तार नाही, टेलिफोन नाही. पुस्तक पोचलं की माणूस पोचलं, एवढंच गावाला ठाऊक. पुस्तक आलं नाही तर घरचं माणूस पुढच्या लाँचनं शोधायला निघे. आणि बहुतेक वेळा खरंच काहीतरी झालेलं असे. म्हणून गावातला चोरसुद्धा वाचनालयाचं पुस्तक बुडवत नसे.

ओतिलियाचा नवरा एलादिओ होड्या दुरुस्त करी. अर्धं आयुष्य हातात डांबराचं भांडं घेऊन गेलं, केस पिकल्यावर बायकोकडून अक्षरं शिकला. बोट ओळीखाली सरकवत वाचायचा. पुटपुटायचा. अवघड शब्द आला की त्याच्यावर रागवायचा, जणू फळीतला वाकडा खिळा आहे. पण एकदा हातात घेतलेलं पुस्तक तो संपवल्याशिवाय सोडत नसे.

त्या वर्षी पूर आला तेव्हा त्याच्या पोटात दुखायला लागलं. आधी पाल्याचा काढा झाला, मग शेजारणीकडून मसाज झाला. शेवटी गावातल्या नर्सनं सांगितलं, इकितोसच्या मोठ्या इस्पितळात दाखवा. तिथं त्याचा चुलतभाऊ राहत होता. उतरायची सोय होती.

निघायच्या आदल्या दिवशी एलादिओ वाचनालयात आला आणि इतर उतारूंसारखा टेबलासमोर उभा राहिला. म्हणाला, "विचार की मला. कुठं, कशासाठी, कोण वाट बघतंय."

"तुझं सगळं माहितीय मला," ओतिलिया म्हणाली.

"मग दे एखादं. पण असं दे ओती, जे रात्री मधेच उठून पाण्याचा पेला पुढं करील."

ती हसली. "असं पुस्तक अजून कोणी लिहिलं नाही रे."

"शोध ना. फळीवर नसेल. टेबलामागं बसलं असेल."

तिला कळलं नव्हतं असं नाही. पण त्याच आठवड्यात राजधानीहून नव्या पुस्तकांच्या पेट्या येणार होत्या. तीन वर्षं अर्ज करून मिळालेल्या. ताब्यात घ्यायला कोणी नसेल तर पेट्या तशाच पुढच्या गावाला जातील, असं धक्क्यावरच्या माणसानं बजावलं होतं. तिनं एलादिओला हे परत एकदा सांगितलं. तोही मान हलवत म्हणाला, "पेट्या सोडून कसं चालेल."

मग तिनं फळीवरचं सगळ्यात जाड पुस्तक काढलं. एका कुटुंबाची गोष्ट होती, आजोबापासून पणतवापर्यंत. "हे तुला इकितोसपर्यंत पुरेल आणि इस्पितळातही पुरेल. परत द्यायची घाई करू नको. पण पोचलास की देच हो, नाहीतर माझा जीव टांगणीला."

एलादिओनं पुस्तक हातात तोललं. "माझ्यापेक्षा हेच अंगानं भरलंय. याला खायला काय घालतेस?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याची झोळी स्वतः बांधून दिली, केळीच्या पानात बांधलेला भात दिला, उशाशी पुस्तक ठेवलं. लाँच सुटली तेव्हा त्यानं पुस्तक वर करून दाखवलं, लोक निरोप देताना टोपी वर करतात तसं.

पुढच्याच्या पुढच्या लाँचचा स्वयंपाकी नेस्तोर धक्क्यावरून ओरडतच आला, "ओतिलियाबाई, तुमचा नवरा पोचला बरं का! एर्मेलिंदानं पाठवलंय. एवढं जड, की मी वाटेत यावर भाजी चिरली."

ओतिलियाचा जीव भांड्यात पडला. पुस्तक तिनं पुसलं आणि खिडकीत ठेवलं. जाणारे-येणारे हाका मारून विचारत, "पोचला का म्हातारा?" ती म्हणे, "पोचला." फक्त एक गोष्ट तिला खटकली. इतकं जाड पुस्तक एलादिओनं इतक्या लवकर संपवलं कसं? मग तिनंच मनाची समजूत घातली: मी देच म्हणाले होते म्हणून बिचाऱ्यानं अर्धवट देऊन टाकलं असेल. त्या रात्री ती गाढ झोपली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या झोपेचीच लाज वाटत राहिली.

पेट्या त्या आठवड्यात आल्या नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यातही आल्या नाहीत. ती वाट बघत राहिली. एलादिओसाठी सुके मासे आणि फारिन्याची, म्हणजे कसाव्याच्या भरड पिठाची, पिशवी तिनं नेस्तोरकडे दिली, चुलतभावाच्या घरी पोचवायला. नेस्तोर परत आला तो पिशवी तशीच घेऊन. आज त्यानं धक्क्यावरून हाक मारली नाही. पायरी चढून वर आला, टोपी काढली.

"बाई, तुमचा दीर म्हणतो, एलादिओ आलाच नाही. इस्पितळातही विचारलं. तिथं कोणी नाही त्या नावाचं."

ओतिलिया खिडकीकडे बघत राहिली. पुस्तक तिथंच उभं होतं.

त्याच दिवशी ती खाली जाणाऱ्या लाँचवर चढली. वाचनालयाला कुलूप घालायला तिला एक क्षणही लागला नाही. हे कुलूप इतकं सहज लागतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

प्रत्येक थांब्यावर ती उतरून विचारी. सांता फिलोमेनाला धक्क्यावर कपडे धूत बसलेल्या रोमुला नावाच्या बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि हातातला कपडा खाली ठेवला.

"तू पुस्तकवाली," रोमुला म्हणाली. "आलीस होय."

रोमुलाच्या घराच्या ओसरीत एलादिओची झोळी अजून बांधलेली होती. रोमुलानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. लाँचवर तिसऱ्या रात्री त्याचं दुखणं असह्य झालं. या गावात औषधं देणारा एक माणूस होता, म्हणून लाँचवाल्यांनी त्याला झोळीसकट इथं उतरवलं. औषधवाल्यानं जमेल ते केलं. पण पुन्हा लाँचवर चढण्याइतकी ताकद त्याला आली नाही. त्याला उतरवणारी लाँच इकितोसहून पुढे दुसऱ्याच नदीला लागली. आणि पुराच्या दिवसांत वर जाणाऱ्या लाँचा मुख्य धार सोडून बाजूच्या संथ पाण्यानं जातात. त्या सांता फिलोमेनाला लागतच नाहीत.

"तरी मी म्हटलं, माझ्या भावाला होडी घेऊन पाठवते, तो त्या पाण्यात एखादी लाँच गाठून निरोप देईल," रोमुला म्हणाली. "तर हाच नको म्हणाला. म्हणाला, परक्याच्या तोंडून ऐकलं तर घाबरेल ती. म्हणाला, पुस्तक माझ्याकडून लाँचवरच राहिलं. शेजारच्या झोळीतली पोर वाचत होती, तिच्या हातात राहिलं. आता पुस्तक काही पोचणार नाही. पुस्तक नाही आलं की तिचं तिलाच कळेल आणि येईल ती. तिच्याइतकी हुशार बाई नदीवर नाही."

ओतिलिया ओसरीवर टेकली.

"खाली जाणाऱ्या लाँचचा भोंगा वाजला की उठून बसायचा बघ. मला म्हणायचा, शर्ट दे. शर्ट घालून बसायचा. लाँच निघून गेली की काढून घडी करायचा. म्हणायचा, पुढच्या लाँचनं येईल. पेट्या ताब्यात घेत असेल."

"शेवटी काय म्हणाला?"

रोमुलानं थोडा विचार केला. "शेवटी काही नाही म्हणाला. भाताला मीठ कमी आहे म्हणाला. ते आदल्या दिवशी."

गावामागच्या उंचवट्यावर, जिथं पूर चढत नाही, तिथं त्याला पुरलं होतं. क्रूस नवीन लाकडाचा होता. ओतिलिया बराच वेळ तिथं बसली. मग रोमुलाच्या घरी जाऊन तिनं झोळी सोडली, शर्ट घेतला. खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

नव्या पुस्तकांच्या पेट्या पूर ओसरल्यावर आल्या. उघडल्या तर सगळी अंकगणिताची पुस्तकं, एकाच इयत्तेची.

ओतिलियानं वाचनालय पुन्हा उघडलं, कारण घरी बसून काय करणार? पण फळीकडे वळलं की हात थांबे. उतारू समोर उभा असे, आणि तिला वाटे, आपण सगळ्यांना पुस्तकं देत राहिलो ती स्वतःला कुठं जावं लागू नये म्हणून की काय? खिडकीतलं ते जाड पुस्तक तिनं आत ठेवलं. टाकून देववेना, कोणाला देववेना.

एके सकाळी धक्क्याला लाँच भरत असताना एक ठेंगणी बाई पायरी चढून आली. नदीच्या वरच्या अंगाच्या वाडीतली सेफेरिना. कोंबड्या विकायला वर्षातून एकदा इकितोसला जाई. आज होडीतून आली होती ती नवऱ्याला लाँचवर बसवून द्यायला.

"तुम्हीच ना ओतिलिया? मी तुमचं पुस्तक पोचवलेली बाई," ती ओळखपाळख नसताना खुर्चीवर बसत म्हणाली. "तुमच्या म्हाताऱ्याची झोळी माझ्या नातीच्या झोळीला लागून होती. काय माणूस! पुस्तक पोरीला वाचायला लावायचा, आणि ती चुकली की म्हणायचा, मी पण तिथंच चुकतो. मग रात्री त्याला उतरवलं. पुस्तक राहिलं आमच्याकडे. नात म्हणाली ठेवून घेऊ. मी म्हटलं, खबरदार. त्याच्यावर गावाचं नाव आहे, घरचे लोक वाट बघत असतील. उतरल्या उतरल्या, कोंबड्या विकायच्या आधी, म्हातारा सांगत होता त्या दुकानात नेऊन दिलं. आलं ना?"

ओतिलियानं तिच्याकडे पाहिलं. बाईच्या तोंडावर शाबासकीची अपेक्षा होती, दुसरं काही नव्हतं. दुकानात पुस्तक देताना ही एक वाक्य बोलली असती, म्हातारा वाटेत उतरला म्हणून, तर... पण ती तरी कशाला बोलेल? पुस्तक द्यायचं असतं, तेवढंच तिला ठाऊक. आणि ती चांगुलपणानंच वागली होती.

"आलं," ओतिलिया म्हणाली. "पुस्तक पोचलं. नेमकं वेळेवर."

"मग बरं झालं. आणि म्हातारा?"

"त्याला आता दुखत नाही."

"देव पावला," सेफेरिना म्हणाली. "तर ऐका. माझा नवरा चाललाय, डोळ्यांचं काम आहे. आता त्याला दिसतं कमी, पण लाँचवर कोणी ना कोणी वाचून दाखवील. असं काहीतरी द्या, ज्यात त्याचा वेळ जाईल. माणूस भित्रा आहे, पण दाखवत नाही."

ओतिलियानं नेहमीचं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"बरोबर कोण असणार? पुतण्या उतरवून घेईल तिकडं."

"मग पुस्तक नाही देत."

"अहो, म्हणजे?"

"तू जा."

सेफेरिना हसली. "मी गेले तर कोंबड्या कोण बघणार? अंड्यावर आल्यात सगळ्या. घरी नात एकटी आहे, तिची शाळा आहे."

"नातीला घेऊन जा. कोंबड्या इथं आणून सोड."

"इथं? पुस्तकांत?"

"खोलीखाली खांबांत जागा आहे. जाळं लावीन मी."

सेफेरिनानं बाहेर पाहिलं. लाँचवर केळीचे घड चढत होते. तिचा नवरा धक्क्याच्या कडेला एका पेटीवर बसला होता, आवाज येईल त्या बाजूला तोंड फिरवत. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आज तर जमायचं नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"परवाची लाँच आहे. त्याला आज बसवू नको."

सेफेरिना उठली, दारापर्यंत गेली, परत फिरली. "तुमच्या म्हाताऱ्याबरोबर तुम्ही नव्हता गेलात, नाही का? तो सांगत होता, बायकोला काम होतं फार."

"हो," ओतिलिया म्हणाली. "पेट्या यायच्या होत्या."

सेफेरिना पायऱ्या उतरून गेली. खिडकीतून ओतिलियाला दिसलं, ती नवऱ्यापाशी वाकून काहीतरी बोलली, मग त्याचं बोचकं उचलून होडीकडे निघाली. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून मागून चालला. लाँचनं भोंगा दिला. ओतिलियाला एकदम वाटलं, आता कोणीतरी शर्ट मागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेफेरिना बावीस कोंबड्या घेऊन आली. ओतिलियानं जाळं बांधून ठेवलं होतं. एक लाल कोंबडी मात्र काही केल्या खाली राहीना. ती जिना चढून वर आली आणि खिडकीत, जिथं ते पुस्तक ठेवलेलं असे, नेमकी तिथं जाऊन बसली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हातारीनं हाक मारून विचारलं, "ओतिलिया, हे कोण पोचलं गं?"

ओतिलियानं कोंबडीला हाकललं नाही.