आटोपशीर पान

"ताई, पान उघडलं का? आजोबांच्या टाकीत वीस मिनिटांचाच ऑक्सिजन उरलाय!"

मेकॅनिक गच्चीवरच्या मशीनरूममधून फोनवर ओरडत होता. खाली दोन मजल्यांच्या अधेमधे लिफ्ट अडकली होती आणि आत ऑक्सिजनची नळी लावलेला एक म्हातारा एकटाच होता. एवढी जुनी लिफ्ट कंपनीकडे ही एकच उरलेली, आणि मेकॅनिकने तिला आज पहिल्यांदाच हात लावलेला.

इकडे कंपनीच्या ऑफिसात झाडूताईने पान उघडलं. टीमची सगळी माहिती ज्या विकीवर असायची, ती विकी तिच्या ताब्यात. जुनंपानं झाडून काढायचा तिला भारी सोस, म्हणून सगळे तिला झाडूताई म्हणायचे. तिलाही ते आवडायचं, उगाच कशाला खोटं बोला!

पानावर दोनच ओळी होत्या. 'वीज बंद करून ब्रेक हाताने सोडावा. अडचण आल्यास मास्तरांना विचारावे.'

मास्तर, म्हणजे ही लिफ्ट सांभाळणारे जुने मेकॅनिक, तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. तिने दुसऱ्या फोनवरून त्यांना फोन लावला. नुसतीच रिंग. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"चाळीस वर्षांची विद्या पोटात घेऊन घरी जाऊन बसलेत!" ती करवादली. "दोन ओळी खरडल्या की झालं?"

"तो माणूस तसलाच," मागे येऊन उभे राहिलेले साहेब म्हणाले.

"ताई, ब्रेकचा दांडा सापडला," मेकॅनिक म्हणाला. "सोडतो ब्रेक."

"एक मिनिट थांब रे."

मास्तरांचं पितळ उघडं पाडायचंच म्हणून तिने पानाचा इतिहास उघडला. मास्तरांनी लिहिलेल्या ओळी होत्या एकेचाळीस. त्याखालची दुरुस्ती तिच्या नावावर होती. 'फापटपसारा काढला. पान आटोपशीर केले.'

तिने जुनं पान उघडलं. तिसरीच ओळ होती, 'हा ब्रेक एकट्याने कधीही सोडू नये. मोटरचं चाक धरायला दुसरा माणूस नसेल, तर रिकामा डबा पलीकडच्या वजनाने सुसाट वर जाऊन आदळतो. एकदोन माणसं असली तरी तेच.'

"हात काढ! दांड्यावरचा हात काढ आधी!"

"काढला, काढला! काय झालं?"

"वॉचमनला वर बोलाव. चाक त्याने धरायचं, घट्ट."

वॉचमन धापा टाकत पोचेपर्यंत सहा मिनिटं गेली. मग ती एकेक ओळ वाचत गेली आणि मेकॅनिक तसं तसं करत गेला. दांडा चिमूटभर उचल, सोड. चाकावरची खूण बघ. पुन्हा उचल. मध्येच साहेबांनी काहीतरी विचारलं, तर तिने त्यांनाच गप्प बसवलं.

"आला डबा दारापाशी!" शेवटी मेकॅनिक ओरडला. खालून कुणीतरी दार उघडलं. आजोबा बाहेर आले, घाबरलेले, पण धडधाकट.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "मास्तरने लपवलेलं तू हुडकून काढलंस."

ती काही बोलणार, तेवढ्यात मास्तरांचा फोन आला.

"अगं, आंघोळीला गेलो होतो. एवढे फोन? त्या लिफ्टचं काही असेल तर पान उघड की. सगळं लिहून ठेवलंय मी, कुणाचं अडू नये म्हणून."

फोन स्पीकरवर होता, साहेब ऐकत होते. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"मास्तर, ते मी काढून टाकलं होतं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

मास्तरांनी एवढंच विचारलं,

"आतला माणूस सुटला ना?"

"सुटला."

"मग रड नंतर. आधी पान परत लाव."