गच्चीवर गेलेला गेमचा खोका

मित्रांनो, मी एक जुना, राखाडी, बेढब खोका आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. हातात धरून खेळायचे छोटे व्हिडिओ गेम तुम्हाला ठाऊक आहेत ना? ते आधी माझ्यासारख्या खोक्यावर तयार होतात. माझी एक जाड वायर संगणकाला जोडलेली असते. दुसऱ्या वायरच्या टोकाला छोटा पडदा आणि बटणं असतात. गेम बनवणारे प्रत्येक चित्र आधी माझ्यावर चालवून बघतात. कुठे चुकलं तर मी तिथेच अडून बसतो आणि चूक दाखवतो. दुकानात विकली जाणारी माझी भावंडं देखणी आहेत खरी, पण त्यांच्यावर नुसतं खेळता येतं.

एका बड्या कंपनीने मला घडवलं आणि जपानमधल्या क्योतो शहरातल्या एका लहानशा गेम-कचेरीला वापरायला दिलं. अट एकच होती. नवं यंत्र बाजारात येईपर्यंत बाहेरच्या कोणाचीही नजर माझ्यावर पडता कामा नये. म्हणून मला आतल्या खोलीत ठेवलं, दाराला कुलूप घातलं आणि खिडक्यांवर काळे पडदे ओढले. याला ते माझी काळजी घेणं म्हणत.

तिथे ओरिए हिगाशी नावाची चित्रकार माझ्यासमोर बसे. ती समुद्रकाठच्या गावातली. तिचे वडील जन्मभर रात्रीच्या होड्यांवर माकुल, म्हणजे मऊ अंगाचं, सोंडांचं जलचर, पकडायला गेले. होड्यांवरच्या दिव्यांनी पाणी उजळतं आणि माकुल वर येतं. तोच रात्रीचा समुद्र तिने गेममध्ये काढला होता. गेममधल्या मुलाने एका होडीवरून दुसरीवर उड्या मारत पलीकडे जायचं. अख्खी कचेरी बघायला आली आणि तोंडभरून कौतुक करून गेली. मीही फुशारलो होतो.

मग कंपनीच्या माणसांनी मोठ्या खिडक्यांच्या दालनात तो गेम खेळून पाहिला. निरोप आला, गेममधली रात्र सुरू झाली की काहीच दिसत नाही, मुलगा धपाधप पाण्यात पडतो. कचेरीचे प्रमुख तेरामोतो यांनी तो भाग काढून टाकायचं ठरवलं. गेम बाजारात जायची वेळ जवळ आली होती. वर सगळ्यांदेखत मला बोल लावला, की हा खोकाच खोटं दाखवतो.

मी खोटं दाखवतो? माझ्या अंगाची आग झाली. मला अंधारात कोंडलं यांनी, रंग अंधारात निवडले यांनी आणि खोटारडा मी! ओरिएच्या ते बरोबर लक्षात आलं. तासभर पडदे उघडू द्या, म्हणून तिने विनवलं. तेरामोतोंनी अटीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे दुपारी शेवयांचं सूप प्यायला गेले, तेव्हा तिने मला उचललं आणि धापा टाकत गच्चीवर नेलं. मागोमाग लॅपटॉप आणला. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून दोरीवर चादरी टाकून आडोसा केला. ऑगस्टचं ऊन होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आकाश पाहिलं. थोड्याच वेळात तेरामोतो जिना चढून आले.

"हिगाशी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कोणी पाहिलं तर उद्या कचेरीला टाळं लागेल."

"मग लवकर बघा, तेरामोतोसान. होडी कुठे आहे ते सांगा."

त्यांनी माझा छोटा पडदा इकडे वळवला, तिकडे वळवला, वर हात धरला. "मला माझंच तोंड दिसतंय."

"मुलांनाही तेच दिसणार. मुलं काय काळे पडदे लावून खेळतात?"

तेरामोतोंनी मान पुसली. "ऊन उतरायच्या आत जमव. नाहीतर हा भाग गेला."

ती कामाला लागली. काळा समुद्र तिने निळा केला, दिवे मोठे केले, होड्यांच्या कडा उजळल्या. दर वेळी माझ्यावर चालवून बघायची, मान हलवायची, पुन्हा रंग बदलायची. माझं अंग तापून चटके बसू लागले. अशा वेळी माझ्यासारखी यंत्रं बंद पडतात आणि त्यात काही गैर नाही. पण मी बंद पडलो असतो तर होड्या बुडाल्या असत्या. मी हट्टाने चालू राहिलो.

ऊन कलायच्या आधी तेरामोतो परत आले. त्यांनी पडदा भर उन्हात धरला आणि मुलाला एकेका होडीवर नेलं.

"ही मागे राहिलेली होडी कोणाची?"

"बाबांची. ते नेहमी शेवटी परतायचे."

तेरामोतोंनी पडदा तिच्या हातात परत दिला. मग ती होडी काढू नकोस, एवढं सांगून ते खाली गेले.

पुढे ही गोष्ट कंपनीच्या कानावर गेली आणि तिचा माणूस जाब विचारायला आला. ओरिएने कमरेतून वाकून त्याला सांगितलं, "यंत्र बाहेर नेलं, त्याची माफी मागते. रंगांची मागणार नाही." मग त्यानेच अट विसरून तो गेम कचेरीच्या फाटकाबाहेर उन्हात उभं राहून खेळून पाहिला आणि होड्या राहिल्या.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवे खोके आले आणि मला कचेरीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं आहे. रोज पुसतात, हात लावू नका अशी पाटीही लावली आहे. पण हा मान मला नको. तुमच्या घरी जपून ठेवलेली एखादी वस्तू असेल, तर ती बाहेर काढा, वापरा, उन्हात न्या. झिजली तर झिजू द्या. मलाही एकदा वायर जोडून बघा. मी चालू होईन. आणि बंदच पडायचं असेल, तर काम करताना पडेन, या कपाटात नाही.